उत्तर सोबत नाही

भरताची वांगी निवडताना माणसानं फोन घेऊ नये. गिरधर बोरसे हा नियम चार वर्षं पाळत आला होता, म्हणजे धुळ्याची नोकरी संपवून जळगावला मुलाकडे राहायला आल्यापासून. कारण पिशवीतलं एक जरी वांगं बियांचं निघालं तर सुमन, त्याची बायको, ते आठवडाभर विसरत नसे. पण त्या गुरुवारी सकाळी खिशात फोन वाजला, पडद्यावर 'मेघा धुळे' दिसलं, आणि हातातलं हिरवं गुळगुळीत वांगं तसंच धरून त्यानं फोन कानाला लावला. मेघा म्हणजे दप्तरखान्यात त्याच्या खुर्चीवर आता बसणारी मुलगी. हुशार, तोंडाळ, आणि जुन्या कपाटांपुढे मात्र हतबल. "सर, चंपालाल दप्तर, रुमाल एक्केचाळीस, कागद सतरा. आठवतो का?" तिनं विचारलं. लाल कापडाच्या ज्या गाठोड्यात जुने कागद बांधतात त्याला तिथे रुमाल म्हणत, आणि असे बाराशे रुमाल गिरधरच्या हाताखालून गेले होते. त्यातल्या कुठल्याही कागदाबद्दल विचारलं असतं तर तो म्हणाला असता, पाहू, आठवतं का. हा एकच कागद असा होता की जो त्याला आठवावा लागत नव्हता. "चेलना म्हणून एक मुलगी आहे, पीएच.डी. करतेय," मेघा बोलतच होती, "शनिवारी येतेय बघायला. त्याआधी मला स्कॅन करून चढवायचाय. पण रुमालच सापडत नाहीये, सर. एकोणीसशे अकराचं ते बाईचं पत्र. शनिवारपर्यंत उत्तर मागते ती बाई." वांगीवाली म्हणाली, "बाबा, घ्यायचं का ठेवायचं?" गिरधरला नेमकं ते ठरवता येईना. एकोणीसशे अकरा? त्यानं मनाशी विचारलं. अकरा कुठून आलं?

कुठून आलं ते घरी येईपर्यंत चालता चालता त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावर रस्त्याच्या कडेला तो उभाच राहिला. दप्तरखान्यात प्रत्येक कागदाचं एक कार्ड असे. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, भाषा, पानं, साल, आणि एका ओळीत मजकूर. एकच ओळ, हा तिथला दंडक. सात वर्षांपूर्वी ही सगळी कार्डं संगणकात चढवली तेव्हा ज्या कार्डावर सालाची जागा कोरी होती तिथे यंत्रणेनं रुमालाचं साल घालून टाकलं. लेकराला बापाचं आडनाव लागतं तसं. रुमाल एकोणीसशे अकराचा, म्हणून आतला कागदही अकराचा. आणि मग दोन वर्षांपूर्वी मेघानं मोठ्या उत्साहानं फोन करून सांगितलं होतं, "सर, आता आपल्या नोंदी जगात चालल्या!" तिनं समजावलं ते असं: निरनिराळ्या संस्थांच्या यंत्रणांमध्ये विचारायची आणि सांगायची एक रीत ठरली आहे, खुली, कुणालाही वापरता येईल अशी. रोज सकाळी सहाला दुसरीकडची यंत्रणा आपल्या यंत्रणेला विचारते, मागच्या वेळेपासून काय नवं आलं, काय बदललं? आपली सांगते. ती उचलून नेते, तिच्याकडून तिसरी नेते. "आणि आपण सांगितलंच नाही तर?" गिरधरनं तेव्हा विचारलं होतं. "असं नसतं सर. त्या रीतीत विचारलं की उत्तर द्यावंच लागतं. काही नसलं तरी, काही नाही, हे सांगावं लागतं. अगदी नोंद काढून टाकली तरी तो नंबर घेऊन सांगतं, काढली." गिरधर तेव्हा हसला होता. बरी रीत आहे, म्हणाला होता. आता औषधाच्या दुकानापुढे पिशवी धरून उभा असताना त्याला हसू आलं नाही. एका कपाटात, एका रुमालात, दोन सुतळ्यांच्या आत ठेवलेली गोष्ट पहाटेच्या दूधवाल्यासारखी दारोदार जाऊन आली होती, आणि जाताना खोटं साल घेऊन गेली होती.

"कोना फोन व्हता?" सुमननं पिशवी घेता घेता विचारलं. ती भडगावकडची, तोही तिकडचाच. चार भिंतींत दोघांची भाषा गावचीच. "मेघाना," तो म्हणाला. "काय म्हने?" "काही नही." सुमननं एकेक वांगं बाहेर काढून उजेडात फिरवलं, आणि तिसऱ्यावर थांबली. "हाई काय देखीसन लयनात?" ती त्याच्याकडे बघत राहिली. तीस वर्षांच्या संसारात तिनं विचारलेल्या निम्म्या प्रश्नांना 'काही नही' आणि उरलेल्या निम्म्यांना 'पाहू' हे उत्तर मिळालं होतं. हितेंद्रला इंग्रजी शाळेत घालायचं का, पाहू. गावची वाटणी करून घ्यायची का, पाहू. पोराची शाळा तिनं ठरवली, वाटणी भावांनी केली. "माले उद्या धुयाले जानं शे," तो शेवटी म्हणाला. "आते काय काम शे तठे? चार वरीस व्हयनात सोडाले, तरी तुमनं मन तठेच शे." ती सहज म्हणाली. तिचं लक्ष वांग्यात होतं. पण गिरधरला वाटलं, हिनं कार्ड लिहिलं असतं तर एका ओळीत बरोबर मजकूर पकडला असता.

शुक्रवारी सकाळच्या एसटीत त्याला खिडकी मिळाली. एरंडोलपर्यंत त्यानं बेत पक्का केला: रुमाल कुठे आहे ते त्याला माहीत आहे, मेघाला नाही. कपाटाशी तिला चार पावलं मागे उभं करायचं, सुतळी सोडायची, कागद सतरा खिशात. मग म्हणायचं, गहाळ दिसतो बाई, असं होतं जुन्या दप्तरात. मेघा नोंद काढून टाकेल. नंबर राहील, नंबराचं काय एवढं. पारोळ्याला बस थांबली, शेंगावाला खिडकीशी आला, आणि बेतामागून मनात कुसुमलता आली. ती अशीच यायची. विचार करायला बसलं की येत नसे. एक्क्याण्णव सालचा मार्च. चंपालालशेट या मारवाडी व्यापाऱ्यानं आजोबा-पणजोबांची सगळी पत्रं संस्थेला दिली, पण ती महाजनी लिपीत, काना नाही मात्रा नाही, आणि वाचणारं धुळ्यात कुणी नाही. शेट म्हणाले, माझी मुलगी वाचते, तिला बसवा. अशी ती आली. सव्वीस वर्षांची, लग्नानंतर वर्षभरातच नवरा जाऊन माहेरी परतलेली, पांढऱ्यावर बारीक निळी फुलं असलेली साडी, आणि आवाज असा की नानांनीसुद्धा, म्हणजे दप्तरखान्याच्या जुन्या प्रमुखांनी, चष्मा वर करून बघावं. ती पत्र वाचून दाखवी, गिरधर लिहून घेई. त्यानं लिहिलेलं कार्ड तिनं तपासायचं, तिनं लिहिलेलं त्यानं. तपासलं की खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक खूण आणि काही राहिलं असेल तर शेरा. हा नानांचा नियम. पत्राचं उत्तर सापडलं तर ते त्याच्याच सोबत बांधायचं, नाही सापडलं तर तसं लिहायचं, हाही त्यांचाच. आणि तिसरा नियम पहिल्याच दिवशी सांगितलेला, कागद कसाही असो, फाडायचा नाही, नंबर द्यायचा.

किती बोलत ती दोघं! आणि सगळं दुसऱ्यांच्या पत्रांबद्दल. बिकानेरहून कुणा काकूनं धुळ्याच्या सुनेला लिहिलंय, कैरीचं लोणचं पोचलं का. तीन वर्षांच्या पत्रांत लोणचं काही पोचत नाही. कुसुमलता हसून टेबलावर डोकं टेकवायची. "बोरसे, सांगा ना, पोचलं असेल का हो शेवटी?" "पाहू," गिरधर म्हणायचा, "पुढच्या रुमालात." "तुमचं हे 'पाहू' एकदा नंबर देऊन कपाटात ठेवायला पाहिजे," ती म्हणायची. खोलीत कापूर आणि जुन्या कापडाचा वास, खिडकीतून गल्लीतल्या शिलाई मशीनचा आवाज, चार वाजता चहा, तिच्या कपातला अर्धा तसाच उरलेला. दोन वर्षं अशी गेली. त्याला वाटे, हे असंच चालेल, चंपालालशेटचे पूर्वज काही लिहायचं थांबवणार नाहीत. आपण सुखात होतो, त्यानं आता बसमध्ये स्वतःला सांगितलं. इतकं साधं होतं ते, आणि तेव्हा आपल्याला कामच वाटत होतं.

मग त्र्याण्णवच्या जानेवारीतला एक बुधवार. तिनं तपासून परत दिलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात मधेच एक घडी घातलेला कागद. रेघांचा, वहीतला, निळ्या बॉलपेननं लिहिलेला. वर नाव नाही, खाली सही नाही. रविवारी चोपड्याहून माणसं येणार आहेत. वडिलांनी मला आधी विचारलं, एवढं आमच्यात कुणी विचारत नाही. मी त्यांना सांगितलंय की शनिवारपर्यंत थांबा, मला एकाला विचारायचं आहे. कोण ते त्यांनी विचारलं नाही. तर मी विचारते आहे. हो म्हणा, नाही म्हणा. 'पाहू' म्हणू नका. एवढंच. गिरधरनं तो कागद पाच दिवस शर्टाच्या खिशात वागवला. उत्तर त्याच्याकडे होतं. बुधवारीच होतं, वाचून संपायच्या आत होतं. पण भडगावातली भाऊबंदकी, वडील, तिच्या घरचं जेवण आणि आपलं जेवण, लोक काय म्हणतील, नाना काय म्हणतील, हे सगळं एकेक करून उभं राहिलं, आणि त्यानं त्या प्रत्येकाला म्हटलं, पाहू. शनिवारी तो कामावर गेलाच नाही. रजेचा अर्ज टाकून गावी गेला आणि गिरणेच्या काठी दिवसभर बसून राहिला. पाण्यात म्हशी होत्या. त्याला अजून त्या मोजता आल्या असत्या, इतका वेळ त्यानं त्यांच्याकडे बघितलं. सोमवारी ती पेढे घेऊन आली. नानांना दिले, शिपायाला दिले, त्याच्या टेबलावर एक ठेवला. काही म्हणाली नाही. काही म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं त्याला पुढे कितीदा तरी वाटलं. त्याच संध्याकाळी, सगळे गेल्यावर, त्यानं तो कागद खिशातून काढला. भाड्याच्या खोलीत भावाबरोबर राहत होता, तिथे ठेवता येईना. फाडायला गेला तर बोटं वळेनात. दहा वर्षांची सवय. तेव्हा त्यानं केलं ते दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. उघड्या रुमालात सोळा कागद होते, त्याखाली ठेवला, सतरा नंबर दिला, आणि कार्ड लिहिलं. पत्र. भाषा मराठी. एक पान. लिहिणारी अज्ञात. घेणारा अज्ञात. साल कोरं. मजकूर: लेखिका शनिवारपर्यंत उत्तर मागते. कार्ड इतर कार्डांत सारलं. महिन्याभरात कुसुमलता चोपड्याला गेली. पुढे एकदा एका लग्नाला चोपड्याला गेला असताना तो उगीच बाजारातून लांबच्या वाटेनं मांडवात पोचला होता, बस्स.

मेघा दारातच उभी होती. "सर, तुम्ही फक्त फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं." "नसतं चाललं," तो म्हणाला, आणि निदान हे खरं होतं. खोलीत आता कापडाचा वास नव्हता, पंख्याखाली तीन संगणक होते. मेघानं चेलनाचा अर्ज पुढे केला. "बघा ना किती मनापासून काम करतेय. मारवाडी घरातल्या बायका मराठीत कधीपासून लिहू लागल्या, हा तिचा विषय. पूर्ण महाजनी दप्तरात हे एकच मराठी पत्र, तेही अकराचं! एक अख्खं प्रकरण उभं केलंय तिनं यावर." अर्जाच्या तळाशी नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: या पत्राचं उत्तर सात संस्थांच्या एकत्रित नोंदींमध्ये शोधलं, सापडलं नाही. आपल्याकडे असल्यास कृपया कळवावं. गिरधरनं ते दोनदा वाचलं. सात संस्था. पुणे, बडोदा, बिकानेर कुठे कुठे ती पोर त्याचं उत्तर शोधत फिरली होती. त्याला लाज वाटली, इतकी की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मेघाला त्यानं मागे उभं केलं नाही; तीच शिडी आणायला गेली. रुमाल तिसऱ्या कपाटाच्या माथ्यावर, नकाशांच्या नळ्यांमागे होता, त्यानंच ठेवलेला; शिडी येण्याआधीच खुर्चीवर चढून त्यानं तो खाली काढला. गाठ सुटली. सोळा पिवळे कागद, आणि खाली तो, अजून बऱ्यापैकी पांढरा. हात खिशाकडे गेला. शिडी ओढत आणल्याचा आवाज अजून व्हरांड्यात होता. खूप वेळ होता.

तेवढ्यात त्याला कार्ड आठवलं. कागद गेला तरी कार्ड राहील. त्यानं लाकडी खण ओढला, एक्केचाळीस, सतरा. आपलं तरुणपणचं अक्षर बघून त्याला क्षणभर ओळखच पटेना. आणि खालच्या कोपऱ्यात, जिथे काही नसायला हवं होतं तिथे, पेन्सिलीची बारीक खूण होती. तिची. शेजारी, तिच्या तिरक्या अक्षरात, चार शब्द: तपासले. उत्तर सोबत नाही.

म्हणजे तिनं पाहिलं होतं. त्या शेवटच्या महिन्यात, पेढ्यांनंतर, गठ्ठ्यातली कार्डं तपासता तपासता तिच्या हाती हे आलं होतं, आणि तिनं त्यावर ओरखडा ओढला नाही, ते फाडलं नाही, नियमाप्रमाणे तपासलं. पेन्सिलीचं संगणकात चढवायचं नाही असं ठरल्यामुळे हे चार शब्द कुठल्याच यंत्रणेत गेले नव्हते. एकतीस वर्षं ते या खणात त्याची वाट बघत पडून होते, आणि त्यातली सत्तावीस वर्षं तो इथून दहा पावलांवर बसत होता. "सर?" मेघा शिडी टेकवून आत आली होती. तिची नजर आधी कागदावर गेली. "हे बॉलपेन आहे," ती हळूच म्हणाली. "हो." "आणि वहीचा कागद." "हो." मग तिनं त्याच्याकडे पाहिलं. स्वतःची खुर्ची मागे ओढून त्याला जागा करून दिली. गिरधर बसला. त्याला दोन बोटांनी टायपायची सवय होती. साल: १९९३. लिहिणारी: अज्ञात. तिथे त्यानं हात लावला नाही. तिनं सही केली नव्हती, तो तिचा हक्क. घेणारा: इथे 'अज्ञात' खोडून त्यानं लिहिलं, गिरधर बोरसे, तेव्हा याच दप्तरखान्यात नोकरीस. मग शेरा. या चौकोनात त्यानं आयुष्यभर वाळवी, डाग, फाटलेल्या कडा लिहिल्या होत्या. आता त्यानं लिहिलं: हा कागद या रुमालातला नाही. घेणाऱ्याने लपवण्यासाठी ठेवला. उत्तर होते, ते 'हो' असे होते. दिले नाही. मेघानं त्याच्या खांद्यावरून वाचलं आणि नाक ओढलं. "चेलनाला काय सांगू?" "मीच सांगतो. तिचं प्रकरण माझ्यामुळे पडलं, माफी मागायला पाहिजे." "सर, हे एकदा साठवलं की उद्या सकाळी सहाला..." "माहीत आहे." "नको असेल तर नुसतं साल बदलून..." "मेघा," तो म्हणाला, "विचारलं की द्यावंच लागतं ना? मग दे." आणि बटण तिनं नाही, त्यानंच दाबलं. कार्ड परत खणात ठेवताना त्यानं तिच्या खुणेशेजारी पेन्सिलीनं आपली खूण केली.

दुसऱ्या दिवशी सहाला पाच कमी असताना तो जळगावच्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या घड्याळाखाली उभा होता. शनिवार होता. चेलनाला त्यानं रात्रीच फोन केला होता. ती रडवेल्या आवाजात म्हणाली, सर, मी तरीही येते, मला ते कार्ड बघायचंय. सुमन चहाचं आधण ठेवत होती. मोठा काटा बारावर आला, पुढे सरकला. कुठे काही वाजलं नाही, काही हललं नाही. चोपड्यात एखाद्या घरी कुणी साठीची बाई केस विंचरत असेल, किंवा नसेल. तिला हे कधी कळेल, किंवा नाही कळणार. पण विचारणाऱ्यानं विचारलं होतं आणि उत्तर निघालं होतं.

"काय देखी ऱ्हायनात घड्याळात?" सुमननं विचारलं. "चहा ठंडा व्हई जाई."

"एक जुनं उत्तर देनं ऱ्हाई गयं व्हतं," तो म्हणाला. "ते आज गयं."

सुमनचा हात गाळणीवर थांबला. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं, परवाच्या वांग्यांकडे पाहिलं होतं तसं.

"कोनले?"

'काही नही' त्याच्या ओठांपर्यंत आलंही होतं. त्यानं तिच्यासाठी पाट पुढे सरकवला.

"बस," तो म्हणाला. "तुले सांगस."